बाबांना दिलेली अर्धी परवानगी

आमच्या घरच्या जुन्या संगणकावर मी बाबांना त्यांचं खातं उघडून दिलं, तेव्हा त्यांना तीनच गोष्टी करता येत होत्या. गाणी ऐकणं, पत्ते खेळणं आणि मला हाक मारणं. पेनड्राइव्ह लावायची परवानगी नव्हती. म्हणजे तो खोचायला कोणी हात धरत नव्हतं, पण नुसता खोचून भागत नाही. संगणकाला तो ओळखून आपल्या फोल्डरांना जोडून घ्यावा लागतो. आमच्या कामात याला माउंट करणं म्हणतात. त्या संगणकावर विंडोजऐवजी मी लिनक्स घातलं होतं; त्यात हे कोणी करायचं ते ठरवता येतं, आणि मी ठरवलं होतं की ते मीच करायचं. बाबा साधे वापरकर्ते. त्यांनी पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर पासवर्डची चौकट यायची, आणि पासवर्ड माझ्या डोक्यात होता.

याला कारण होतं. नवी मुंबईतल्या एका कंपनीत मी बारा वर्षं सर्व्हर सांभाळले. तिथे एकदा कोणीतरी घरून आणलेला पेनड्राइव्ह लावला आणि त्यातून जे आत शिरलं ते निस्तरण्यात आमचा आठवडा गेला. बोलणी मला बसली, कारण परवानग्या माझ्या हातात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी झाले. आईचे डोळे गेल्यावर गावी येऊन घरून काम करायला लागले, तर तिथला सगळा जाच सोबत घेऊन आले. पण खरं सांगायचं तर त्यात भीती थोडी आणि मिजास जास्त होती. माझ्यावाचून कोणाचं तरी अडतं, हे मला आवडायचं. आता याची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

बाबा दिघीच्या धक्क्यावर कामाला होते. आधी माणसं नेणाऱ्या लाँचवर, मग गाड्या नेणारी मोठी बोट सुरू झाली तेव्हा तिच्यावर. खाडीपलीकडच्या आगरदांड्याहून आलेल्या गाड्या उतरवायच्या आणि इकडच्या चढवायच्या. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. "घे घे घे घे, डावीला मार, अजून, अजून, बास!" मुंबईहून दिवेआगरला निघालेली माणसं मोठमोठ्या गाड्या घेऊन यायची, पाणी बघून घाबरायची, आणि एका काळ्यासावळ्या, घामेजलेल्या माणसाच्या आवाजावर भरवसा ठेवून इंचभर फटीत गाडी बसवायची. वारं पडलेलं असलं की तो आवाज वरच्या वाडीपर्यंत यायचा. आई चुलीवर भात ठेवायची ती त्या आवाजाच्या हिशेबाने.

आईचा काचबिंदू उशिरा कळला. पाचसहा वर्षांत आधी एक डोळा गेला, मग दुसरा. बाबांनी तिच्यासाठीच काम सोडलं आणि मग धक्क्यावरची भाषा घरात आली. "पायरी हाय. डावीला बादली हाय, उजवीनं ये. ये, ये, ये. आता बस." आई वैतागायची, "मी काय टेम्पो हाय?" पण त्यांचा आवाज नसला तर ती पडवीतून विहिरीपर्यंतसुद्धा जायची नाही. मी हात धरायला गेले तर झटकायची. तिला हात नको असे, आवाज हवा असे. रात्रंदिवस दोघांचं बोलणं चाललेलं असायचं, निम्मं भांडण आणि निम्मं रस्ता दाखवणं.

मग बाबांचा आवाज बसला. बिडीचा घसा, येईल वळणावर म्हणून आम्ही दोन महिने काढले. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज नाही. शस्त्रक्रियेची तारीख महिन्याभराने मिळाली. परत येताना एसटीत बाबा माणगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मग एकदम म्हणाले, "आन् मग हिला कोन सांगंल, पायरी हाय म्हनून?"

मला वाटलं होतं ते मरणाबद्दल विचार करतायत. ते पायरीबद्दल विचार करत होते. एकाला बोलता येणार नाही आणि दुसरीला दिसत नाही, म्हणजे खुणा करूनही उपयोग नाही. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि महिन्याभराने एका घरात राहून बाबांना आईशी एक शब्द बोलता येणार नव्हता.

रेकॉर्डरची कल्पना माझी. ऑफिसच्या मीटिंगांसाठी घेतलेला एक बोटभर लांबीचा रेकॉर्डर माझ्याकडे पडून होता, वर मोठं लाल बटण असलेला. फोन बाबांच्या कामाचा नव्हता. दोर ओढून ओढून त्यांच्या बोटांची टोकं अशी लाकडासारखी झाली होती की फोनची काच त्यांना जुमानत नसे. मी म्हटलं, लागतील ती वाक्यं आत्ताच बोलून ठेवा. त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. देवळात आरत्या लावायला वापरतात तसला एक छोटा स्पीकर मी आणला, पेनड्राइव्हवर चालणारा, आकड्यांची बटणं असलेल्या रिमोटचा. बाबांनी प्रत्येक वाक्याला नंबर दिला आणि वहीत लिहून काढलं. एक, मी आलोय. दोन, मी हितंच हाय. बारा, पायरी हाय. तेरा, अजून एक पायरी हाय. एकतीस, चा गरम हाय, थांब जरा. पन्नासाच्या पुढे भांडणाची वाक्यं होती, कारण त्यांच्या मते भांडणाशिवाय आईला करमलं नसतं. "तूच शानी, बाकी गाव येडा," हे मला आठवतं, ते बोलताना त्यांना स्वतःलाच हसू आलं होतं आणि तीनदा रेकॉर्ड करावं लागलं.

शेवटच्या आठवड्यात ते दार लावून बसायला लागले. मी विचारलं, आता काय राहिलं? म्हणाले, "ही तुज्यासाठी न्हायत." मी बाहेर उभी राहून ऐकलं नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे.

रेकॉर्डरवर वाक्यांना नावं देता येत नसत, जुनी-नवी मिसळायची. मग तो संगणकाला लावून वाक्यं फोल्डरात उतरवायची आणि रेकॉर्डर पुसून रिकामा करायचा. वाक्य स्पीकरवर नीट ऐकू येतं का ते बघायला एकेक पेनड्राइव्हवर घालून वाजवायचं. यातल्या प्रत्येक वेळी पासवर्ड लागायचा. बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे, पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून. "बाय, जरा ताला खोल ना." मी मीटिंगमध्ये असायचे. हाताने थांबा म्हणायचे. एकदा सगळ्यांच्या देखत ओरडले, "बाबा, दम धरा ना पाच मिनिटं!" ते परत गेले आणि संगणकासमोर जेवणवेळेपासून चार वाजेपर्यंत बसून राहिले. मी विसरलेच होते. रोज तो आवाज थोडा थोडा जात होता. सकाळी असायचा तेवढा दुपारी नसायचा, आणि मी त्यांना ताटकळत ठेवत होते, कशासाठी, तर नियमासाठी. राग नाकाच्या शेंड्यावर ठेवून हिंडणारी मी एक बाई. नियम तेवढा शांतपणे पाळत होते.

शेवटी आईच कडाडली. "अगं, घरातल्या मानसाला चावी न्हाय म्हंजे काय? देऊन टाक त्यांना."

मी तणतणतच बसले. कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेली एक फाइल लिनक्समध्ये असते. तिच्यात मी एक ओळ वाढवली, बाबांच्या पेनड्राइव्हचा नंबर घालून, आणि साध्या वापरकर्त्यालाही जोडू द्यावं असा शब्द लिहिला. काम दोन मिनिटांचं. ते मी तीन आठवडे केलं नव्हतं.

पण त्यातही अर्धंच केलं. लिनक्स पेनड्राइव्हवर लिहायचं सगळं आधी आपल्या स्मरणात धरून ठेवतो आणि मग सवडीने खाली उतरवतो. पडद्यावर झालं असं दिसतं तेव्हा खरोखर झालेलं असतंच असं नाही. म्हणून काढण्याआधी त्याला रीतसर सोडवायचं असतं, म्हणजे राहिलेलं सगळं उतरतं. त्याच ओळीत स्वल्पविराम देऊन आणखी एक शब्द घातला असता तर लिहिलेलं लगेचच्या लगेच उतरलं असतं. तो शब्द मला झोपेतसुद्धा येतो. मी घातला नाही. त्याने कॉपी रेंगाळते, आणि ती रेंगाळली की बाबा पुन्हा मला हाका मारत येतील, म्हणून. त्यांच्या पडद्यावर मी "जोडा" नावाचं एक बटण ठेवलं. "सोडवा" नावाचं दुसरं उद्या करू म्हटलं. आणि उठता उठता वर शहाणपण शिकवलं, "डिस्क छोटी आहे बाबा, कॉपी नका करत बसू. कट करा आणि तिकडे पेस्ट करा. एक वस्तू एकाच जागी."

बाबांनी ते वहीत लिहून घेतलं. एक वस्तू एकाच जागी.

आता आमच्याकडची एक सवय सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मोठ्या वादळात विजेचे खांब झोपले आणि कितीतरी आठवडे आम्ही अंधारात काढले. मग एक दिवस वीज आली ती अशी उसळून आली की अर्ध्या वाडीचे टीव्ही आणि फ्रिज धूर सोडून गेले. जे वादळाने ठेवलं होतं ते विजेने नेलं. तेव्हापासून आमच्या वाडीत दिवा नुसता मिचकला तरी पहिल्या घरातून आरोळी येते, "उपटा रे!" आणि माणसं हातातलं टाकून धावतात, घरातली एकूण एक पिन भिंतीतून उपटतात. म्हातारी माणसंसुद्धा. जेवता जेवता उष्ट्या हाताने. बाहेरगावचा पाहुणा हे पहिल्यांदा बघतो तेव्हा हसतो. आम्ही कोणी हसत नाही.

मुंबईला निघायच्या दोन दिवस आधी बाबांनी सगळी वाक्यं, दोनशेच्या वर होती, नंबरवार लावून एकदम पेनड्राइव्हवर हलवली. कट आणि पेस्ट. मी शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कामावर होते. दिवा मिचकला. बाहेर आरोळी उठली. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, संगणक त्याच्यावर होता, त्याला काही म्हणजे काही होणार नव्हतं. पेनड्राइव्ह आणखी दोन मिनिटं तसाच राहिला असता तर सगळं उतरलं असतं. पण बाबा उठले आणि सगळ्यात आधी त्यांनी पेनड्राइव्ह ओढून काढला. ते घरातलं सगळ्यात मोलाचं, म्हणून सगळ्यात आधी ते. मग फ्रिज, मग टीव्ही.

मग माझ्या दारात आले, तळहातावर पेनड्राइव्ह घेऊन, दमलेले. "वाचवला," म्हणाले. आवाज पार चिरकला होता.

मी मान हलवली.

"बाय, एकदा बगतेस का, लागलंय का समदं?"

"स्क्रीनवर झालं असं आलं होतं ना?"

"आलं व्हतं."

"मग लागलं."

हेडफोन मी काढला नव्हता. एका कानावरून जरा बाजूला केला होता, तेवढाच. अजून दोन दिवस तो आवाज होता. चिरका, घोगरा, पण होता. मी त्याच वेळी उठून पेनड्राइव्ह लावून बघितला असता तर बसून पुन्हा सगळं बोलून घेता आलं असतं, दोनशे नाही तर पन्नास, पन्नास नाही तर दहा. त्या उत्तरावर मी नंतर इतक्या वेळा परत गेले आहे की आता ते कोणा दुसऱ्याच बाईने दिल्यासारखं वाटतं, आणि तिला धरून बडवावंसं वाटतं.

स्पीकरवर लावून बघू का, असं मी सामान भरताना विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं. "तोंडानं बोलता येतंय तवर कशाला? हिचं मन मोडंल." पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून त्यांनी देवाच्या फळीवर ठेवला आणि आईजवळ मावशीला ठेवून आम्ही निघालो.

आगरदांड्याला जाताना बोटीवर त्यांच्या जुन्या जोडीदारांनी घेरलं. एक म्हणाला, काका, आज एक तरी गाडी तुम्ही चढवा. बाबांनी नकाराचा हात केला. "न्हाय रे. आवाज घरी ठेवून आलोय." सगळे हसले. मीही हसले.

शस्त्रक्रिया नीट झाली. गळ्याला भोक, त्यात नळी, ती कशी साफ करायची, अंघोळीला काय काळजी घ्यायची, हे सगळं डॉक्टर आणि सिस्टर सांगायच्या. एकही शब्द सुटू नये म्हणून मी तोच रेकॉर्डर चालू करून पिशवीत टाकायचे आणि तासन्‌तास तसाच चालू राहू द्यायचे. हे मी हुशारी म्हणून करत होते.

तीन आठवड्यांनी घरी आलो. आई उंबऱ्यात उभी होती, मावशीच्या खांद्यावर हात ठेवून. नवं लुगडं नेसली होती. "आलात?" म्हणाली.

बाबांनी चपला काढल्या, तिच्या बाजूने आत गेले, देवाच्या फळीवरून रुमाल काढला आणि पेनड्राइव्ह स्पीकरमध्ये खोचला. रिमोटवर एक दाबलं. मी आलोय. स्पीकरचा निळा दिवा लुकलुकला. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा एक दाबलं. मग दोन. मग बारा. आई मान कलती करून, हसऱ्या तोंडाने वाट बघत होती. तिला सगळं सांगून ठेवलेलं होतं. "काय झालं?" ती म्हणाली. "लाजताय काय?"

मी पेनड्राइव्ह ओढून घेतला आणि संगणकाला लावला. सगळी नावं जागच्या जागी होती, त्यांनी एका बोटाने टाइप केलेली. एक मी आलोय. बारा पायरी हाय. एकतीस चा गरम हाय. आणि प्रत्येक नावासमोर आकार, शून्य. वरपासून खालपर्यंत शून्य. नावं आधी लिहिली गेली होती, आवाज मागून उतरणार होता. त्याआधीच पेनड्राइव्ह निघाला होता. खालच्या काही ओळींना नाव म्हणून नुसतेच आकडे होते, एकशे ऐंशीच्या पुढचे. ती दार लावून बोललेली.

चार दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. येत होतं नव्हतं ते सगळं करून बघितलं. संगणकाची डिस्क मीच हौसेने घातलेली, नव्या जातीची, जलद. तिच्यावरून पुसलेलं काही दिवसांत खरोखरच पुसलं जातं, मागमूस ठेवत नाही. मुंबईतल्या एका जाणकाराकडे पाठवली, त्याने दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. मग रेकॉर्डर. त्याच्यावर जुनं पुसलेलं सापडण्याची आशा होती, पुष्कळ होती. पण त्याच्यावर मी दवाखान्यातले तासन्‌तास भरून ठेवले होते. बाबांच्या आवाजाच्या जागेवर आता एक सिस्टर नळी कोमट पाण्याने धुवा म्हणून सांगत होती. दुसऱ्यांना बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून बारा वर्षं ओरडून पगार खाल्लेली मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पडवीत बसले होते, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल. मी सगळं सांगितलं. स्मरणात धरून ठेवणं, सवडीने उतरवणं, सोडवणं, न घातलेला शब्द, न केलेलं बटण. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि लिहिलं, "म्हंजे गाडी पुरती चडायच्या आदी बोट सोडली."

मी हो म्हटलं.

त्यांनी पुसलं आणि लिहिलं, "चूक माजी. मी उपटला."

मला रडू आलं आणि त्याच्या आधी राग आला. माझी चूक आहे, तुमची नाही, असं मी ओरडून म्हटलं. ते मान हलवत राहिले. इतकी वर्षं बोटीवर काढलेला माणूस, गाडीचं मागचं चाक आत आल्याशिवाय त्यांनी कधी बोट हलू दिली नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं असतं, बाबा, पडद्यावर झालं दिसलं तरी अजून गाड्या चढतायत असं समजा, तर वीज काय, आभाळ कोसळलं असतं तरी त्यांनी पेनड्राइव्हला हात लावला नसता. मला हे सुचलंच नाही. त्यांना समजेल अशा भाषेत सांगावं, इतकी किंमत मी त्यांना दिली नव्हती.

मग पर्याय झाले. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आणलं. त्यातून घरघर शब्द निघाले तशी आई अंग चोरून मागे सरकली. "ह्यो कोन?" म्हणाली. बाबांनी यंत्र डब्यात घातलं ते पुन्हा काढलं नाही. मग मी बाबांची वाक्यं लिहून फोनकडून वदवून घेतली. आईने विचारलं, "बातम्या लावल्यात काय?" बोटीवरच्या जोडीदाराने कोणा पर्यटकाने काढलेला एक व्हिडिओ पाठवला, त्यात लाटांच्या आणि इंजिनाच्या आवाजात बाबांचं घे घे घे होतं. मला वाटलं, एवढं तरी. आईने दोनदा ऐकलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. "ह्ये माज्याशी न्हाय बोलत. ह्ये गाडीशी बोलतायत."

आता पायरी आली की बाबा टाळी वाजवतात. एक टाळी पायरी, दोन टाळ्या थांब. तेवढं जमलंय. टाळीने आणखी काय सांगणार? बाकी सगळं माझ्यामार्फत. बाबा लिहितात, मी वाचते, आई उत्तर देते. मी कामात असले की आई हाक मारते, "बाय, हे काय म्हनतायत बग." बाबा दारात पाटी घेऊन उभे असतात. चहा, औषध, हवा, कोणाचं लग्न, कोणाचं मरण, सगळं माझ्या तोंडून जातं. आता मी एका हाकेला उठते, मीटिंग तशीच सोडून. वरातीमागून घोडं. संगणकावर बाबांना सगळ्या परवानग्या दिल्या आहेत, लगेच उतरवायचा शब्द घातला आहे, "सोडवा" बटणही केलं आहे, मोठं, हिरवं. त्या संगणकाला कोणी हात लावत नाही. झाकण म्हणून आईने त्यावर जुनी उशीची खोळ घातली आहे.

परवा दुपारी आई पडवीत भिजवलेल्या वालाची सालं काढत बसली होती. हे काम तिला डोळ्यांशिवाय येतं. बाबा शेजारी खुर्चीत, मी दाराशी. मग बाबांच्या खुर्चीकडे तोंड करून आई म्हणाली, "दार लावून काय बोलून ठेवलं व्हतं वो? एवडं तरी सांगा."

बाबांनी पाटी घेतली. लिहायला लागले. पाटी भरली तशी उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहायला लागले. मी कधी त्यांना इतकं लिहिताना बघितलं नव्हतं. मग त्यांनी पाटी माझ्याकडे केली. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पाटी मागे घेतली. तांब्यातलं पाणी हातावर घेऊन दोन्ही बाजू पुसल्या, अगदी कोपऱ्यांपर्यंत, आणि मग दोनच शब्द लिहून पाटी माझ्याकडे दिली.

"काय न्हाय म्हणतायत," मी वाचलं.

"खोटं," आई म्हणाली. "मगासधरनं लिवत व्हते. मला पेन्सिल ऐकू येते."

वालाचे हात पदराला पुसून तिने माझ्याकडून पाटी मागून घेतली, आणि बोटांनी चाचपत राहिली. पाटी ओली होती.